निळ्या नाडीचं यंत्र

दि. १२ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी सकाळी मी एक यंत्र तपासत होतो. काम नेहमीचंच. पण काल तुझं पत्र हातात पडल्यापासून त्या सकाळीवाचून डोक्यात दुसरं काही येत नाही, म्हणून ती सकाळ तुला नीट सांगतो.

आमच्या प्रयोगशाळेत पोलिसांकडची फुंकायची यंत्रं येतात हे तुला ठाऊक आहे. गाडी चालवणाऱ्याच्या पोटात दारू आहे का, ते त्याच्या श्वासावरून सांगणारी. आम्ही त्यात मापून तयार केलेला वायू सोडतो, आकडा खरा दाखवतं का बघतो, चुकत असेल तर जागेवर आणतो आणि सील लावून परत पाठवतो. सगळं झालं की शेवटी मी स्वतः एकदा फुंकतो. हे नियमात कुठे लिहिलेलं नाही, माझी आपली सवय. मी आयुष्यात थेंबाला शिवलो नाही, तेव्हा शून्यच यायला हवं. शून्य दिसलं की मनातल्या मनात देवाचं नाव घेतो आणि यंत्र पेटीत ठेवतो. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणतो, झाली याची पूजा.

त्या मंगळवारी काम निम्म्यावर आलं आणि वीज गेली. वीज गेली की अर्धं झालेलं काम बाद, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. मी यंत्र पुढ्यात घेऊन खिडकीशी बसून राहिलो, आणि तेवढ्यात आपल्या भोंग्याचा फोन आला. चाळिशी ओलांडली तरी आपल्याला तो भोंग्याच. ताटलीचं स्टिअरिंग करून अंगणभर पळणारा आणि तोंडाने भोंगा वाजवणारा. आता त्याच्या व्हॅनमधली शाळेची पोरंही त्याला भोंगाकाका म्हणतात, याचं त्याला किती कौतुक! तर त्याच्या एका ड्रायव्हर मित्राचा संध्याकाळी निरोपसमारंभ होता. मला म्हणाला, दादा तू पण ये. मी म्हटलं, येतो कसला, तुमच्यासारख्यांसाठीच यंत्र लावत बसलोय. त्यावर म्हणाला, तू पाणी प्यायल्यावरसुद्धा फुंकून बघणारा माणूस, तुझ्या यंत्राला तुझीच शिसारी येत असेल. मी हसलो. जपून घे एवढं बोललो. वीज आली, फोन ठेवला, काम पहिल्यापासून सुरू केलं आणि पूर्ण केलं. पेटीत ठेवताना दिसलं की हातात अडकवायचा पट्टा तुटलाय. खणात माझ्या जुन्या कॅनव्हासच्या बुटाची निळी नाडी पडली होती, तीच ओवून गाठ मारली. दुपारी तुमच्या गावचा शिपाई येऊन यंत्र घेऊन गेला.

आणि तू लिहितेस, बुधवारी सकाळी भोंग्या मुलांना आणायला रिकामी व्हॅन घेऊन निघाला असताना वळणावर पोलिसांनी धरला. सगळ्याच गाड्या थांबवत होते, यानेही ऐटीत फुंकलं, आणि आकडा लाल झाला. ठाण्यात नेऊन पुन्हा फुंकायला लावलं, तरी तेच. आणि तो चिडून तुला म्हणाला की ज्या यंत्राला पट्ट्याऐवजी बुटाची निळी नाडी बांधलीय, असल्या भंगारावरून माझ्या पोटावर पाय देणार का.

ताई, ती नाडी माझी आहे.

दोन वेळा फोन केला, त्याने उचलला नाही. तुझ्या कानाशी फोनचं जमत नाही, म्हणून हे पत्र. तो कसा आहे? जेवतो का? धाकटीला, त्याच्या बायकोला, धीर दे. त्यांच्या ठमीला या गोष्टी कळू देऊ नका, पण पोरीला कळल्याशिवाय राहणार नाही हेही खरं. देव सगळ्यांना निभावून नेईल.

माया कमी पडू देऊ नकोस, ती तू पडू देत नाहीसच.
तुझा,
मधला


दि. १७ सप्टेंबर

चि. मधल्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. वाचलं आणि शिलाईच्या मशीनवरून उठून आत जाऊन बसले. पायाखालची जमीन सरकली म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. अरे, सगळ्या जगात फुंकायला त्याला तुझंच यंत्र मिळावं!

इथलं सांगते. त्या दिवशी मीच ठाण्यात जाऊन जामीन राहिले. काऊंटरमागचा हवालदार भला माणूस, त्याच्या मुलाचा शाळेचा गणवेश माझ्याकडूनच शिवून जातो. त्याने बसायला खुर्ची दिली आणि आपला भोंग्या आतल्या बाकावर मान खाली घालून, व्हॅनची किल्ली काढून घेतलेली, तरी बोटं अजून किल्ली फिरवल्यासारखी हलत होती. व्हॅन ठाण्यामागच्या आवारात उभी आहे. लायसन्स त्यांच्याकडे, त्याऐवजी एक कागद दिलाय, तारखेला कोर्टात हजर व्हायचं. शाळेने दुसऱ्याच दिवशी पालकांना कळवलं आणि दुसरी व्हॅन लावली. मुलं विचारतात म्हणे भोंगाकाका कुठे गेले.

त्याचं म्हणणं असं. संध्याकाळी मित्रांत बसून प्यायला, हे तो नाकारत नाही. पण घरी येऊन झोपला, उठून डोक्यावरून गार पाण्याने आंघोळ केली, चहा घेतला, व्हॅन धुतली, काचा पुसल्या. प्यायलेला माणूस काचा पुसतो का, असं मलाच विचारतो. आणि खरं सांगू, मलाही तसंच वाटत होतं. आपल्या घरात कोण प्यायलं होतं म्हणून आपल्याला कळावं? झोप आणि आंघोळ झाली की उतरते, असंच सगळे समजतात. वकील म्हणाले, आंघोळीने वास जातो, रक्तातली जात नाही, तिला तिचा वेळ लागतो.

आणि रक्ताचं म्हणशील तर हसावं की रडावं. ठाण्यात त्याला विचारलं होतं, यंत्रावर विश्वास नसेल तर डॉक्टरकडून रक्त तपासून घे, तुझा हक्क आहे. पण सुई दिसली की पळणारा आपला भाऊ! लहानपणी टोचायला बाई आल्या की कणगीत लपायचा. चाळिशीतही तेच. नको म्हणाला आणि सही करून बसला. आता रक्त नाही, साक्षीदार नाही, सगळं त्या एका यंत्रावर आलंय.

वकील सांगतात, शाळेची मुलं नेणाऱ्याला कायदा फार कडक आहे. दुसऱ्याला चालेल तेवढंही त्याला चालत नाही. पहिली वेळ आहे, कोणाला लागलेलं नाही, तेव्हा तुरुंग बहुधा होणार नाही, दंड होईल. लायसन्स काही काळ जाईल. पण मुलं नेण्याचा परवाना मात्र कायमचा जाईल. मधल्या, दुसरं त्याला येतं काय रे? ताटली हातात धरली तेव्हापासून त्याला हेच करायचं होतं.

वकिलांनी तुमच्या प्रयोगशाळेचे कागद मागवले. त्यात वीज गेल्याची नोंद दिसते, काम तुटलं आणि मग पुढे चालू झालं एवढंच कळतं. पहिल्यापासून केलं की तुटलं तिथून पुढे ओढलं, हे कागदावरून कळत नाही. वकील म्हणाले, तपासणाऱ्याला कोर्टात विचारू. ही माणसं वर्षभर यंत्रं हाताळतात, त्यांना एखादं आठवत नसतं, तो नाही आठवत म्हणेल आणि संशयाचा फायदा आपल्याला मिळेल. तो तपासणारा तू आहेस हे त्यांना माहीत नाही. मी बोलले नाही. तुझं पत्रही कोणाला दाखवलं नाही, गादीखाली आहे.

मी तुला खोटं बोल म्हणत नाही. जे सगळे म्हणतात ते म्हण. नाही आठवत. एवढंच.

आई गेली तेव्हा तू दहावीत होतास आणि भोंग्या माझ्या कडेवर. मी तुम्हा दोघांना कधी माप घेऊन माया दिली नाही. आज पहिल्यांदा मागते आहे.

जिवाला जप. तुझ्यावर राग नाही, काळजी आहे.
तुझी,
ताई


दि. २४ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. रोज सकाळी देवापुढे बसायचो आणि उठताना पुन्हा तिथेच असायचो.

शेवटी साहेबांकडे गेलो आणि सांगितलं की पकडलेला माणूस माझा सख्खा भाऊ आहे. ते म्हणाले, हे तुम्ही आधीच सांगितलंत ते बरं केलंत, नात्यातल्या माणसाने साक्ष देऊ नये हेच रीतीला धरून होईल. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला पाठवतो, तो कागद बघून काय ते सांगेल. तुम्ही रजा घ्या, भावाकडे जाऊन या.

ताई, खोलीतून बाहेर आलो तेव्हा पाठीवरचं ओझं कोणीतरी उतरवून घेतल्यासारखं वाटलं. मला काहीच बोलायचं नाही. खरंही नाही आणि खोटंही नाही. सहकाऱ्याला त्या सकाळचं काही माहीत नाही, तो त्या वेळी खाली चहाला गेला होता. तो तेच म्हणेल जे तुझ्या वकिलांना हवंय, आणि त्याच्या तोंडी ते खरंही असेल.

तुला हवं होतं ते झालं. भोंग्याला सांग. त्याला म्हणावं, यापुढे मात्र शपथ घे, आणि सुईची भीती घालव.

संध्याकाळी घरी येताना बरं वाटत होतं. हे तुला लिहिताना मात्र का कोण जाणे, तेवढं वाटत नाही. असो. माणसाला हलकं व्हायचीसुद्धा सवय लागत असेल.

माझ्यावर आहे तेवढा जीव असू द्यावा, जास्तीची मागणी नाही.
तुझा,
मधला


दि. २९ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न.

ताईने सांगितलं. दादा, तू बाजूला झालास, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. फोन उचलला नाही म्हणून रागावू नकोस. तुझा आवाज ऐकला असता तर रडलो असतो, आणि समोर ठमी अभ्यास करत होती.

तुला पत्र लिहायची सवय नाही मला. शाळेत मास्तर म्हणायचे, तुझी सगळी अक्षरं वळणावर गाडी उलटल्यासारखी पडतात. आता तर हात रिकामेच आहेत, चार ओळी सरळ लिहून बघतो.

खरं सांगतो, मी नशेत नव्हतो. मला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. वळणावर पोलीस दिसला तर मीच हात केला, ओळखीचा होता. तुझं यंत्र बघून हसूसुद्धा आलं, म्हटलं, ही नाडी कोणी बांधली? आणि मग ते लाल झालं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं, माझंही. तो म्हणाला, काका, उतरा. मला काका म्हणत उतरवलं, दादा.

व्हॅनमध्ये त्या वेळी कोणी नव्हतं हे सगळे मला समजावतात. मीही स्वतःला तेच सांगतो. दिवसभर सांगत असतो. घरात बसून दुसरं करायचं काय? धाकटी बोलत नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गप्प गप्प कामं उरकते. ताई मात्र रोज येते आणि काही ना काही शिवत बसते, मला गिऱ्हाइकासारखी विचारते की कंबर वाढली का.

तारखेला सगळं नीट झालं की मी व्हॅन आणीन, धुवीन आणि तुला घेऊन लांब फिरायला जाईन. तू पुढे बस. तुला आवडतं तसं हळू चालवीन, लोक मागून भोंगा वाजवतील, वाजवू देत.

दादा, तू नसतास तर मी बुडालो असतो. आता काय ते तुझ्या देवाला सांग.

तुझाच,
भोंग्या


दि. २ ऑक्टोबर

ती. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

मी आपल्याला कधी पत्र लिहिलं नाही, त्यामुळे सुरुवात कशी करावी हे कळत नाही. ह्यांना आणि ताईंना हे पत्र माहीत नाही. आपणही सांगू नये, एवढी एकच विनंती आहे.

चार दिवसांपूर्वी ताई आनंदाने सांगत होत्या की तुम्ही बाजूला झालात. मी स्वयंपाकघरात होते. हातातली वाटी पडली, फुटली नाही.

भाऊजी, ती काही पहिली सकाळ नव्हती. हे वाईट माणूस नाहीत. रोज पीतही नाहीत. पण मित्र जमले की घेतात, आणि सकाळी उठून आंघोळ करून, कपाळाला हात लावून देवाला नमस्कार करून, व्हॅन धुऊन निघतात. ह्यांना मनापासून वाटतं की उतरली. मला वाटत नव्हतं. चहा देताना मला कळायचं. एकदा बोलले, तेव्हा हसून म्हणाले, तुला नाकाची नोकरी मिळेल. दुसऱ्यांदा बोलले तर दिवसभर अबोला.

आमची ठमी आधी ह्यांच्याच व्हॅनने शाळेत जायची. पुढच्या सीटवर, तिचीच जागा ती. गेल्या वर्षापासून ती चालत जाते. मी ह्यांना सांगितलं की डॉक्टर म्हणाले, पोरीने चाललं पाहिजे, तिची पाठ सरळ राहील. ह्यांनी मानलं. ठमी सुरुवातीला रडायची, बाबांची व्हॅन तिला बाजूने ओलांडून जायची आणि आतली मुलं हात करायची. हेसुद्धा तिच्यासाठी भोंगा वाजवायचे. आता सवय झाली आहे तिला.

मी माझी मुलगी उतरवून घेतली, भाऊजी. बाकीच्यांच्या आयांना काही सांगितलं नाही. रोज त्या फाटकाशी उभ्या राहून आपली पोरं ह्यांच्या हाती देत होत्या, आणि मी खिडकीतून बघत होते. ह्यांचं काम गेलं तर घर कसं चालेल, ह्यांच्याबद्दल लोक काय म्हणतील, अशी माझी कारणं होती. ती अजूनही आहेत.

तुम्ही काय करावं हे मी सांगत नाही. तो माझा अधिकार नाही, आणि तुम्ही काहीही केलंत तरी मी ह्यांच्याबरोबरच राहणार आहे. फक्त तुम्ही सुटलो असं समजू नये असं वाटलं. मीही तसंच समजत होते.

आपला आशीर्वाद ठमीला असू द्यावा.
आपली,
ठमीची आई


दि. ७ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र वाचून तू मला काय म्हणशील ते मला ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात लिहितो.

मी पुन्हा साहेबांकडे गेलो होतो. म्हटलं, मला पाठवा. नातं मी कोर्टात पहिल्या वाक्यात सांगेन, मग माझं बोलणं किती धरायचं ते न्यायाधीश ठरवतील. साहेबांनी कपाळावर आठ्या घातल्या, दोनदा विचारलं, विचार करून सांगताय ना. सरकारी वकिलांशी बोलले. ठरलं, मला जायचंय.

बाजूला होणं मला सज्जनपणाचं वाटलं होतं. पण त्या सकाळी टेबलाशी मी एकटा होतो. मी उठून गेलो की ती खुर्ची नुसती रिकामी राहत नाही, त्या रिकाम्या खुर्चीतून मी खोटंच बोलतो, फक्त माझं तोंड उघडत नाही.

कारण विचारू नकोस. एवढंच सांगतो की तुझ्याकडे ज्या पोरांची मापं आहेत ना, खांदा, छाती, बाही, ती सगळी पोरं त्या व्हॅनमध्ये बसायची. त्या सकाळी ती रिकामी होती. पुढच्या वळणावर पहिलं पोर चढणार होतं.

मला तोडू नकोस, एवढंच मागतो.
तुझा,
मधला


दि. ११ ऑक्टोबर

मधल्यास,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, तेव्हा लिहीत नाही.

भोंग्याला मीच सांगितलं. तो उठून बाहेर गेला आणि जिथे व्हॅन उभी असायची त्या मोकळ्या जागेत उभा राहिला. मग आत येऊन म्हणाला, दादाला म्हणावं, ये, पण माझ्या दारात येऊ नकोस.

तुला काय मिळणार यातून? तुझं यंत्र खरं ठरेल. तुझा देव खूश होईल. आणि हा जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या धूत बसेल. लोकांच्या पोरांची काळजी करतोस, मी हे पोर कडेवर वाढवलं आहे.

दोन दिवस हे पत्र टाकलं नाही. म्हणून खाली आणखी लिहिते.

काल दुसरीतल्या मुलीचं माप घ्यायला तिची आई आली. वाढत्या अंगाचं शिवा म्हणाली, पुढच्या वर्षी पुरलं पाहिजे. मी टेप घेऊन पोरीच्या खांद्यावर ठेवली आणि तुझं ते वाक्य आठवलं. माप काही केल्या नीट घेता येईना. तीनदा घेतलं. ती बाई सहज म्हणाली, भोंगाकाकांना सांगा, माझी पोर अजून त्यांची आठवण काढते. मी हो म्हटलं. त्यानंतर मशीनवर बसले पण पायाने पायडल मारवेना.

माझा राग गेलेला नाही. हे नुसतं सांगितलं.

ताई


दि. १९ ऑक्टोबर

चि. भोंग्यास,
अ. उ. आ.

कोर्टाच्या आवारातल्या बाकावर बसून हे लिहितो आहे. तू मघाशी वकिलांबरोबर माझ्या पुढून गेलास, बघितलं नाहीस. तुझ्या दारात येऊ नको म्हणालास, तेव्हा येत नाही. पण आत काय झालं ते तू मान खाली घालून ऐकलंस, म्हणून मी कुठे बघून बोललो ते तुला कळलं नसेल. ते कळावं म्हणून लिहितो.

पहिल्यांदा मी सांगितलं की समोर बसलेला माझा धाकटा भाऊ आहे. न्यायाधीशांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा घातला. मग तुझे वकील उठले. माणूस सभ्य आहे, त्यांनी मला कुठेही टोचलं नाही. यंत्र दाखवलं. नाडी अजून तशीच आहे. त्यांनी विचारलं, ही कोणी बांधली. मी म्हटलं, मी. लोक थोडे हसले. मग त्यांनी विचारलं की वर्षाला किती यंत्रं तुमच्या हाताखालून जातात, मी म्हटलं पुष्कळ. त्या दिवशी वीज गेली होती का, गेली होती. मग ते थांबले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, इतक्या यंत्रांमधून हेच एक, आणि वीज आल्यावर तुम्ही ते पहिल्यापासून केलंत की पुढे ओढलंत, हे आज तुम्हाला आठवणं शक्य आहे का.

त्यांना ‘नाही’ हे उत्तर हवं होतं. खोलीतल्या सगळ्यांनाच चाललं असतं. मागच्या बाकावर ताई बसली होती, पदर तोंडाशी धरून. मी देवाचं नाव घ्यायला गेलो आणि मला तेही सुचेना. तुझी ताटली आठवली. खरं सांगतो, अंगणातली ती ताटली आणि तुझा तो भोंगा, एवढंच.

तुझा परवाना जाईल. लायसन्स काही काळ जाईल, मग परत मिळेल. ते मिळवायला काही महिने वर्गाला जावं लागेल, दारू शरीरात कशी आणि किती वेळ राहते ते तिथे शिकवतात. तू जा, लाजू नकोस, मी विचारून ठेवलंय. मालाच्या गाड्यांवर पुढे काम मिळू शकतं. तोवर सकाळी हात रिकामे असतील, तर ठमीबरोबर शाळेपर्यंत चालत जा. पोर एकटीच जाते, तिला सोबत होईल. तिच्या चालीने चाल. तुला सगळं लांबच लांब वाटेल, पण ती गप्पा मारते.

तू मला शिव्या घाल. ताईकडे घाल, घरात घाल, पत्रात लिही, अक्षरं कशीही पडली तरी मी वाचीन. मी बाहेर आलो तेव्हा ताई माझ्याशेजारी येऊन बसली. उठून गेली नाही. अजून बसली आहे. मी लिहितोय ते बघत नाही असं दाखवते आहे.

आता उरलं तेवढं सांगतो. वकिलांनी विचारलं तेव्हा नाही आठवत म्हणायला जीभ उचलली होती, हे तुझ्यापासून लपवत नाही. पण ते म्हणायचं तर मला असं म्हणावं लागलं असतं की त्या सकाळी मी हातात यंत्र घेऊन खिडकीशी बसलो असताना तुझा फोन आला, तू मला चिडवलंस, मी हसलो, आणि वीज आल्यावर हसतच काम पहिल्यापासून सुरू केलं, यातलं काहीच मला आठवत नाही. तेवढं मला जमलं नाही.

म्हणून मी तुझ्याकडे बघून सांगितलं की आठवतं. पहिल्यापासून केलं होतं.

तुझा लोभ राहो न राहो, माझा ठरलेला आहे.
तुझा,
दादा